पुराचं उरलेलं पाणी

परीक्षेचा अर्ज भरायला कॉलेजात गेले होते. पायऱ्या चढताना मागून एका मुलीनं हाक मारली, "अगं, चप्पल पडली तुझी." वळून पाहिलं तर डाव्या पायातली चप्पल तीन पायऱ्या खाली होती. जून अर्धा सरला होता, पावसाचा पत्ता नव्हता, फरशी चांगलीच तापलेली असणार. माझा उघडा पाय त्या फरशीवर होता आणि मला काहीच लागत नव्हतं.

मी हसले आणि चप्पल घालायला वाकले. घालता आली नाही. अंगठा कुठं आहे ते डोळ्यांनी बघूनच कळत होतं.

पुढं जे झालं त्याला जीबीएस म्हणतात. पूर्ण नाव गुलियन-बारे. आपल्या शरीरातली रोगाशी लढणारी ताकद आपल्याच नसांवर उलटते, एवढं मला डॉक्टरांनी समजावलं. त्याहून जास्त मी सांगू नये. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांच्यासाठी. खाटेवर पडून मी असं काहीतरी वाचायला शोधत होते. जे सापडलं त्यातले सगळे धीराचे होते. मी धीराची नव्हते आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो लपवून लिहिलं तर कुणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटत नाही.

शूटिंग

आमचं गाव दिंद्रुडच्या पलीकडं, जरा आडबाजूला. माझे आईवडील, म्हणजे माय आणि अण्णा, दिवाळीनंतर ऊस तोडायला वरच्या भागात जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. त्या वर्षी ते आले तेव्हा गावातली एकही विहीर चालू नव्हती. चार दिवसांनी एकदा टँकर यायचा.

मे महिन्यात आमच्या भागातल्या बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्यावर सिनेमाची कंपनी आली. सिनेमा मोठा होता. धरण फुटतं आणि अख्खं गाव वाहून जातं, असा प्रसंग त्यांना घ्यायचा होता आणि तो कॉम्प्युटरवर न करता खराखुरा करायचा होता. पूर्वी जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानावर त्यांनी प्लायवूडचं गाव बांधलं. देऊळ, शाळा, पार, सगळं. वरच्या अंगाला लोखंडी सांगाड्यावर घराएवढ्या चार टाक्या चढवल्या. टाकीचं दार उघडलं की पाणी पत्र्याच्या घसरगुंडीवरून धडाधड खाली यायचं आणि गावात घुसायचं. एक भंगारातली लाल बस आणून ती क्रेनला तारेनं बांधली होती. पुरात ती उलटवायची होती.

पाण्याच्या टँकरची रोज रांग लागायची. कुठलं पाणी, हे आम्ही विचारलं नाही. टँकर तसलाच होता जसला गावात यायचा, त्यामुळं पाणीही तसलंच असणार असं धरून चाललो. कारखान्याचं गरम पाणी निववायचा एक मोठा सिमेंटचा हौद आहे, त्यात ते साठवलं. पूर येऊन गेला की पाणी त्याच हौदात परत यायचं आणि पंपानं पुन्हा टाक्यांत चढायचं. सहा दिवस तेच पाणी. पुराचा रंग यावा म्हणून त्यात लाल माती कालवलेली. त्यात माणसं पळाली, म्हशी डुंबल्या, आणि एवढ्या माणसांसाठी उभी केलेली पत्र्याची संडासं हौदाच्या चढालाच होती.

गर्दीसाठी गावोगावची माणसं लागत होती. ती जमवायचं काम आमच्या दूध संस्थेच्या सचिवांकडं होतं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी, माय आणि अण्णा तिघंही गेलो.

पहिल्यांदा टाकीचं दार उघडलं तेव्हा आम्ही ओरडत पळायचं होतं. पाणी आलं आणि कुणी पळालंच नाही. सगळे उभे राहून बघत होते. दोन बाया तर पदर खोचून पाण्याकडंच निघाल्या.

"भागो! अरे भागो ना!" भोंग्यातून दिग्दर्शक ओरडला.

"पळा बे!" तात्या ओरडले. "पूर आलाय!"

"येऊ द्या की तात्या," मागून कुणीतरी म्हणालं, "लई दिसांनी आलाय."

सगळे हसले. मीही हसले. ते चित्रीकरण वाया गेलं. पडलेल्या भिंती पुन्हा उभ्या करायला सबंध दिवस लागला, बस पुन्हा ओढून आणली, टाक्या पुन्हा भरल्या.

मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू. स्टंट करणारी मुलं बसच्या टपावरून उड्या घ्यायची. त्यांच्या अंगाला तारा बांधलेल्या, खाली गाद्या, कडेला दिवसभर अ‍ॅम्ब्युलन्स. त्यांना प्यायला बाटलीतलं पाणी. आणि रोज सकाळी भोंग्यावर सांगायचे, "पानी मुँह में नहीं जाना चाहिए, ध्यान रखना." सहाही दिवस मी ते ऐकलं. आम्हाला वाटायचं, चिखल आहे म्हणून सांगतायत.

वाटप

कंपनी गेली तेव्हा हौद अर्धा भरलेला होता.

कारखाना चालू असताना दिवाळीला सभासदांना कार्डावर स्वस्त साखर मिळायची. अण्णांच्या नावावर एक शेअर आहे, आजोबांनी घेतलेला. कारखाना बंद पडल्यापासून त्या कार्डाला कुणी विचारत नव्हतं. तात्यांनी ठरवलं की उरलेलं पाणी साखरेसारखंच वाटायचं. कार्ड दाखवायचं, दुधाच्या टेम्पोतून दोन पिंपं घरपोच घ्यायची.

"सभासद म्हंजे मालक," तात्या रांगेला सांगत होते. "मालकानं भांडायचं न्हाई. समद्याला मिळंल."

समद्यांना म्हणजे कार्डवाल्यांना. ज्यांच्याकडं कार्ड नव्हतं ते लांब उभे राहून बघत होते. ते बघत होते म्हणून आम्हाला ते पाणी जास्तच मोलाचं वाटलं. अण्णांनी पेटीच्या तळातून कार्ड काढलं होतं. टेम्पो दारात आला तेव्हा ते मायला म्हणाले, "बघ, तू म्हनत व्हतीस फेकून द्या. आलं का न्हाई कामाला?"

पाणी लाल होतं. आमच्याकडं गढूळ पाण्याला कुणी भीत नाही. तुरटी फिरवायची, रात्रभर हलवायचं नाही, सकाळी वरचं पाणी हळूच काढून घ्यायचं. तुरटी मीच फिरवली. सकाळी पिंपाचा तळ लख्ख दिसत होता. शेजारी राहणारी माझी चुलती तांब्या घेऊन आली.

"प्यावं का गं? तू शिकलेली हायस."

"निवळलंय की काकू," मी म्हणाले. "पी."

पाणी निवळणं आणि पाणी शुद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पहिल्या वर्षाच्या पेपरात लिहिलं होतं. आकृतीसकट. त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

चारपाच दिवसांत कार्डवाल्या घरांत जुलाब सुरू झाले. आठवड्यात बहुतेक सगळे उठले. काकूही उठली. मीही उठले. नंतर चप्पल पडली.

हातोडी

चप्पल पडली त्या दिवशी संध्याकाळी मला उकिडवं बसून उठता येईना. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्याचा अशक्तपणा आहे, आणि सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी हातातून पेला सुटायला लागला. अण्णांनी मला पाठुंगळी घेतलं आणि दुधाच्याच टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात आणलं.

हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. जुलाब होऊन गेल्यावर दोनतीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या आणि त्या वर चढायला लागल्या, तर सलाईनवर दोन दिवस घालवू नका. मी घालवले.

तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. मग दुसऱ्या गुडघ्यावर.

"मागच्या महिन्यात जुलाब झाले होते का?"

"सगळ्या गावालाच झालते," अण्णा म्हणाले.

"कशामुळं?"

मी म्हणाले, "पाण्यानं." त्याच वेळी अण्णा म्हणाले, "उन्हानं."

मॅडमनी आमच्या दोघांकडं पाहिलं आणि काही न विचारता कागदावर लिहिलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल, असं त्यांनी सांगितलं तेव्हा माय पहिल्यांदा बोलली.

"हिच्यात कुटलं पानी ऱ्हायलंय बाई?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मायच्या खांद्यावर हात ठेवला. त्यावरून मला कळलं की हे साधं दुखणं नाही.

आकडे

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली ते सांगते. सुईची नाही. दिवसातून चार वेळा सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "मोठा श्वास घे आणि एका दमात मोज." एक, दोन, तीन, असं जिथवर दम पुरेल तिथवर. पहिल्या दिवशी मी सव्वीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. हा आजार पायांकडून वर येतो आणि छातीपर्यंत पोचला तर श्वासाचं यंत्र लावावं लागतं, हे तोवर मला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी चौदा. मला आयसीयूत हलवलं आणि यंत्र खाटेजवळ आणून ठेवलं. त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं. मी आवरणाकडं बघत मोजायची.

लहानपणी पाढे म्हणताना मी घाईघाईनं म्हणायची. इथंही तसंच करायला लागले, म्हणजे आकडा वाढेल. सिस्टरनी ते ओळखलं. "माझ्याशी चोरी करू नको गं," त्या म्हणाल्या, "तुझ्याशीच होईल ती." मग त्या माझ्याबरोबर मोठा श्वास घ्यायच्या आणि ओठ हलवत माझ्याच चालीनं मोजायच्या. माझा दम संपला की त्याही थांबायच्या. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं.

अकरापर्यंत आलं. तोंड वाकडं झालं होतं, डोळे मिटत नव्हते, झोपताना पापण्यांना चिकटपट्टी लावायचे. सरकारी योजनेतून मोठी इंजेक्शनं मंजूर झाली, पाच दिवस ती थेंबथेंब चढत राहिली. अकरा दोन दिवस अकराच राहिलं. मग बारा झालं.

बारा झालं तेव्हा माय बाहेर बाकावर होती. सिस्टर स्वतः तिला सांगायला गेल्या. माय म्हणे एवढंच म्हणाली, "बारा म्हंजे चांगलं का?"

यंत्राचं आवरण निघालं नाही. पण कडेवर घ्यावं लागेल अशी मी झाले होते. दर दोन तासांनी माय मला कुशीवर वळवायची, पुसायची, कपडे बदलायची. एकोणीस वर्षांच्या मुलीला हे सहन होत नाही. मी तिच्यावर ओरडायची, वाकड्या तोंडानं. शब्द नीट यायचे नाहीत, म्हणून आणखी राग यायचा.

"कावून बोंबलायलीस?" ती म्हणायची. "तुला काय पैल्यांदा धुवायले का मी?"

पाण्याचा प्रत्येक पेला ती आधी नाकाला लावायची, मग माझ्या ओठाला. वास येत नसतो तसल्या गोष्टींचा, हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही.

अण्णा

अण्णा आठवड्यातून दोनदा यायचे. खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, जवळ यायचे नाहीत. एकदा माय त्यांना सगळ्या वॉर्डासमोर बोलली.

"उन्हानं म्हनले तुमी! पोरीच्या डोळ्याला पट्ट्या लावल्यात आन् तुमी उन्हानं म्हनले!"

"हळू बोल."

"कावून हळू बोलू? तात्याला ऐकू जाईल म्हून?"

अण्णा म्हणाले, "कंपनी पुन्हा यायची हाय म्हनलेत. गावाचं नाव खराब झालं तर कोन येईल? आन् पानी मीच आनलं ना. मला सांगायची गरज हाय का?"

तुरटी मी फिरवली होती, काकूला पी म्हणून मी सांगितलं होतं. हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. जीभ जड आहे असं कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे सगळा दोष त्यांच्यावर जातोय हे मला बरं वाटत होतं.

तात्याही एकदा आले होते, केळी घेऊन. "त्याच पान्यानं झालं असतं तर समद्या गावाला झालं असतं का न्हाई?" असं म्हणून गेले. मी मॅडमना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, असा जंतू शेकडो लोकांच्या पोटात जातो आणि एखाद्यालाच हे होतं. कोणत्या पाण्यानं झालं हे आता सिद्ध करता येणार नाही. म्हणजे तात्यांचंही खोटं ठरत नाही आणि माझंही. हौद तर तोवर कोरडा पडला होता.

खरंखुरं

पाच आठवड्यांनी घरी आणलं. पायाची बोटं दवाखान्यातच हलायला लागली होती. आधी उजव्या पायाचा अंगठा हलला. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी तो माझ्याआधी पाहिला आणि झाडू टाकून मायला बोलवायला पळाल्या. घरी अण्णांनी दारापासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली. तिला धरून मी उभी राहायला शिकले. डावं पाऊल मात्र वर उचललं जात नव्हतं. चालताना चवडा खाली लोंबायचा आणि जमिनीला अडायचा.

गणपतीच्या सुमाराला त्या सिनेमाची, कसा बनला ते दाखवणारी, एक छोटी फीत गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आली. अण्णांनी दाखवली नाही, काकूनं दाखवली. टाकीचं दार उघडतं, पाणी कोसळतं, शाळा कागदासारखी मोडते, लाल बस आडवी होते. स्टंटचे मुख्य मास्तर सांगत होते की आजकाल सगळे कॉम्प्युटरवर पूर आणतात, आम्ही एक थेंबही खोटा वापरला नाही, आणि एवढा मोठा स्टंट करून आमच्या एकाही माणसाला खरचटलं नाही.

त्यात मी आहे. निळ्या ओढणीत, पारापाशी. दोन्ही पायांनी पळतेय. मी ते किती वेळा पाहिलं ते सांगायची लाज वाटते. प्रत्येक वेळी मी फक्त डावं पाऊल बघत होते.

जोडी

ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला कुणी नेत नाही. तो तोडतो, ती मोळी बांधून गाडीपर्यंत वाहते, एकट्यानं ते होत नाही. दसरा झाला आणि टोळी जमवणारा मुकादम घरी आला. ओसरीवर बसून म्हणाला, "जोडी पुरी असंल तर नाव लिवतो. पोरीचं मला दिसतंय, पन गाडी माझी न्हाई, मालकाची हाय."

पाऊस त्याही वर्षी झाला नव्हता. गावात रोजगार हमीशिवाय करायला काही नव्हतं.

"मी न्हाई जात," माय म्हणाली. "पोरगी आपल्या पायानं चालंल तवा जाईन."

मुकादम म्हणाला, आठ दिवसांत कळवा.

त्या आठ दिवसांत मी ठरवलं की मायला चालून दाखवायचं. दुपारी ती रोजगार हमीच्या कामावर जायची तेव्हा मी दोरी सोडून चालायचा सराव करायची. काकू दारात बसून बघायची. डावा गुडघा जास्त वर उचलला तर चवडा अडत नाही, हे मला सापडलं. तसं चाललं की ते विचित्र दिसतं, म्हणून उजवाही थोडा जास्त उचलायचा. नवव्या पावलाला मांडी थरथरायची. मला अंगणातून रस्त्यापर्यंत बावीस पावलं लागत होती. पाचव्या दिवशी बावीस झाली. सहाव्या दिवशी मायसमोर चालले. ती माझ्या पायांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "कवा शिकलीस?" दुसऱ्या दिवशी अण्णांनी मुकादमाला हो कळवलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, त्यात संसार, शेळ्या, चुली, बारकी पोरं. माय चढली तेव्हा मी भाकरीचं फडकं घेऊन अंगणातून रस्त्यापर्यंत गेले, कुणाचा हात न धरता. फडकं वर दिलं. तिनं ते घेतलं आणि माझ्या तोंडाकडं न बघता पायांकडं पाहिलं.

"काकूला तरास दिऊ नगंस."

"नाही देत."

"गोळ्या घेशील ना?"

"घेईन. तू जा."

ट्रॅक्टर शाळेच्या वळणाला लागला आणि मी परत फिरले. गुडघा उचलायचा राहिला. चवडा अडला आणि मी तोंडावर पडले. डावा हात खाली सापडला. काकू धावत आली, मला उठवलं, फुफाटा झाडला. मी मान वर करून वळणाकडं पाहिलं. तिथं धुरळा होता. मला वाटलं, निभावलं.

माझा डावा पाय अजून चवडा वर धरणारी पट्टी लावूनच चालतो. कॉलेजात जाते. वर्ष वाया गेलं, मॅडम म्हणतात आणखी सुधारेल. आजाराबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे, पण एक राहिलं, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मायचा फोन आला. फडातून बोलत होती, पाचटाची सळसळ ऐकू येत होती. मुक्काम कुठं पडला, पाणी जवळ आहे, शेळी व्यायला झाली, असं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "हात कसा हाय?"

"कुठला हात?"

"डावा."

काकूनं सांगितलं असेल असं मला वाटलं. "काकूचं काही ऐकू नको," मी म्हणाले.

"काकू कशाला सांगती? मी मागं बघतच बसलते. तू पडलेली दिसली मला. समदे ट्रॉलीत बसल्यालं. हाक मारली असती तर डायवरनं थांबवलं असतं. मी थांबा म्हनले न्हाई."

मी म्हणाले, "बरं केलंस."

हे मी तिला धीर द्यायला म्हणाले की रागानं, ते मला अजून ठरवता येत नाही. तिनंही विचारलं नाही. मागून मुकादमाची हाक आली आणि तिनं फोन ठेवला.